तिसरं बटण

मालाडच्या माइंडस्पेसमध्ये, सहाव्या मजल्यावर,
शुक्रवारी रात्री साडेनऊला
मर्ज अडकला.
खाडीकडून तो नेहमीचा वास,
आणि एसी बंद व्हायची वेळ.

पडद्यावर सात बाण डावीकडे तोंड करून,
मग बरोबरच्या सात खुणांचा बांध,
मग सात बाण उजवीकडे.
बांधाच्या अलीकडे हर्षला तांडेलची ओळ,
पलीकडे इम्तियाज वांगडेची.
भांडण एवढंच : हप्ता चुकला तर दंड
कुठल्या तारखेपासून.
ती म्हणते आठ.
तो म्हणतो पाच, पण सुट्ट्या वगळून.
चार वर्षं एकाच कंपनीत,
ओळख ती टिकलीएवढ्या गोल फोटोंची.

त्रेचाळीस दिवस इम्तियाजची शाखा वेगळी वाढली.
‘मी सांगत होतो’ असं ओठांवर आलं, गिळलं.
माझीही एक आहे, मार्चपासून तशीच पडलेली.

यंत्र विचारतं : आमचं ठेवू की त्यांचं?
दोनच बटणं.
माझ्या भाषेत आणखी एक शब्द आहे, आपलं,
त्यात समोरचाही मावतो.
त्याचं बटण कोणी केलेलं नाही.

हर्षलाच्या बाजूला एक जुनी टीप शिल्लक होती,
इम्तियाजने कचरा समजून पुसलेली :
‘आठच्या खाली आणू नका. कारण विचारा. घैसास.’
विचारा कोणाला? घैसास जूनमध्येच गेले नोकरी सोडून.
फोन लावला. मागे कुकरची शिट्टी.
म्हणाले, अहो, ती पेन्शनवाली माणसं,
त्यांचे पैसे सातला जमा होतात.
बस्स.
अकरा वर्षं हे एका डोक्यात होतं
आणि ते डोकं आता डोंबिवलीत भात लावत होतं.

इम्तियाज चौथ्या मजल्यावरून लिफ्टने आला
स्वतःची खुर्ची ढकलत.
हर्षला सरकली.
तिची ओळ पुसली, मग त्याची,
मग दोन्ही परत आणल्या,
मग तिसरीच लिहिली :
आठ, आणि आठला सुट्टी असेल तर पुढचा कामाचा दिवस.
वर टीप, या वेळी कारणासकट.

चाचण्या धावल्या. हिरवं, हिरवं, लाल.
दोन सुट्ट्या लागून आल्या तर?
‘तुमच्या सणाला आमचा सण,’ इम्तियाज म्हणाला,
आणि हर्षला हसली.
पुन्हा बसलो.

पावणेबाराला संपलं.
उद्या कोणी विचारलं, ही ओळ कोणाची,
तर यंत्र एकच नाव दाखवील, माझं,
शेवटचं एंटर मी दाबलं म्हणून.

इम्तियाजची खुर्ची
सहाव्या मजल्यावरच राहिली.