दोन मीटर वायर

मार्चच्या शेवटी विल्वे कूस्क दुकानात आली,
बिस्किटांच्या डब्यात एक संगणक घेऊन,
पत्त्याच्या पानाएवढा, हिरवा, नागडा.
म्हणाली, याला कान बसवून द्या.

विल्यांदीत रेडिओ दुरुस्त करताना चाळीस वर्षं गेली माझी.
मी विचारलं, ऐकायचं काय आहे?

आभाळातला बोकड, ती म्हणाली.

आमच्याकडे पाणलाव्याला म्हणतात तसं.
दलदलीवर उंच चढतो, मग स्वतःला खाली सोडून देतो,
आणि शेपटीच्या पिसांतून वारा बें बें करतो.
गळ्यातून नाही. शेपटीतून.
तिचा भाऊ काल्यो दर वसंतात कुरणाच्या कडेला बसून मोजायचा:
एकतीस वर्षांची वही, निळी शाई.
यंदा बर्फावर घसरला, खुब्याचं हाड मोडलं.
खाटेपासून कुरण सहाशे पावलं,
आणि पुराचं पाणी चढलं की पावलंही नाहीत, होडी.

मग काउंटरवर सगळा संसार मांडला.
पहिला यूएसबीत खोचायचा, नऊ युरोंचा.
हेडफोन तिच्या कानाला लावले.
बाहेर पाऊस आहे? तिने विचारलं.
नाही बाई, ही त्याचीच कुजबुज.
काही माणसं असतात अशी,
तुमचं ऐकतानाही आपलंच चालू.

दुसरा तांदळाच्या दाण्याएवढा, थेट आकड्यांत बोलणारा.
स्वच्छ. मला आवडला, खोटं कशाला सांगू.
पण त्याची वायर वीतभरच; लांबवली की आकडे अडखळतात.
म्हणजे त्याने संगणकाच्या कुशीतच निजायचं,
आणि कुशीत ऐकू येणार संगणकाचंच पोट:
व्होल्टेज उतरवणाऱ्या चकतीची बारीक किणकिण,
रात्रभर, बोकड येवो न येवो.

विल्वे डब्याचं झाकण लावत होती, उघडत होती.

शेवटी खालच्या खणातून काढल्या दोन कॅप्सूल,
शर्टाच्या बटणाएवढ्या,
कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याचा माल.
तीन व्होल्ट पाजले की जाग्या होतात.
दोन मीटर वायर, वर जाळीचं वेष्टण, चार ठिकाणी डाख.
संगणक तिकडे, कान इकडे.

एक मिनिट रेकॉर्ड केलं. कुणी बोलायचं नाही.
परत लावलं तर
शेजारच्या बेकरीचा फ्रीज, छपरावरून ठिबकणारं बर्फ,
आणि मधेच एक शीळ, थांबून पुन्हा, थांबून पुन्हा.
मी वायर हलवून पाहिली. डाख नव्याने दिला. शीळ होतीच.
विल्वे हळूच म्हणाली,
तुमचा श्वास आहे तो.

त्या दिवशी बिलात कॅप्सूल लावायच्या राहून गेल्या.

वाऱ्यासाठी फर लागते, एवढं मी सांगितलं होतं.
तिने काल्योच्या जुन्या कानटोपीचे
दोन्ही कान कापले.

मेमध्ये आली ती अंडी घेऊन.
आधी विचारलं, डॉक्टरकडे गेलात का?
मग सांगितलं: अकरा रात्री.
बेडूक. फुटणारा बर्फ. लांबवर एक ट्रक.
दोन तास नुसतं पाणी, होडीचं बूड चाटणारं.
आणि चौथ्या रात्री, तीन वाजून सतरा मिनिटांनी, बोकड.

काल्योने तीनदा ऐकलं.
वही मागितली. तारीख लिहिली, वेळ लिहिली,
जरा थांबला,
पेन बाजूला ठेवलं,
आणि रेघ मारली
पेन्सिलीने.