रबाळे, गाळा नंबर सतरा

सीट गेल्या, मॅट गेल्या.
उरलेल्या पत्र्यात मी आडवी,
दातांत टॉर्च.

डाव्या चाकाचा सेन्सर खोटं बोलतोय:
चाक पळतंय, हा म्हणतो थांबलंय.

"काढून टाक ते एबीएस," हसुराम म्हणतो,
"आमचे पाय काय मेले होते?"

मी उत्तर देत नाही.
दोन वायरींना पीळ घालते,
इग्निशनच्या कलकलाटापासून लांब नेते,
डाख देते, फुंकर घालते.

रात्री अकराला, एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर
चार घमेली रेती.
हसुरामने ऐंशीवरून ब्रेक दाबला.

पायाखाली पेडल फडफडलं असणार
जाळ्यातल्या जिताड्यासारखं.
गाडी सरळ थांबली.

तो बराच वेळ उतरलाच नाही.
मग काच खाली करून:
"मागची चाकंही बघ गं एकदा."