झीज

डडलीच्या हाय स्ट्रीटवर, चाव्या बनवणाऱ्याला लागून
आमचं दुकान. गुरुवार मोल ठरवायचा.
काउंटरवर हिरवी मखमल, दिवा, भिंग,
आणि हातमोजे, जे मी कधीच घालत नाही.
प्लॅस्टिक बोटांनाच खरं सांगतं.

ग्लिन प्रोबर्ट, बस ड्रायव्हर, ड्यूटीचं जॅकेट अंगात.
पावाच्या पिशवीत गुंडाळून आणलेला रोबो:
शहाऐंशी सालचा, निळा,
घडी घातली की कचऱ्याची गाडी.
"आईचं घर रिकामं करतोय," एवढंच बोलला
आणि घड्याळ बघत उभा राहिला.

माझे काका सांगोल्याच्या बाजारात हेडी.
बैल आला की आधी त्याचं तोंड उघडायचे:
दोन दाती, चार दाती, जुळलेला.
मग भोवरे, मग खूर,
मग उगाच दहा पावलं चालवून बघायचे.
मालक काय म्हणतो ते सगळ्यात शेवटी.
मी तेच करते.

छातीचं क्रोम शाबूत; वाकून बघितलं तर तोंड दिसतं.
पांढरा भाग पिवळा पडलेला, डावीकडून जास्त,
म्हणजे खिडकी डावीकडे होती.
स्टिकर तीन, त्यातलं एक उलटं.
उजवी मूठ गायब. ती नेहमीच गायब असते.
या देशातल्या जुन्या सोफ्यांच्या पोटात
केवढ्या मुठी आवळून पडल्या असतील.

मग चालवून बघितला. चौदा पायऱ्या.
पाय आत, टाचा वर, खांदे मागे, डोकं पोटात,
कट्, कट्, शेवटची कट्.
गाडीची चाकं कोरी.
उलगडून उभा केला, तर तळपायही कोरे.
म्हणजे हा ना रस्त्यावर धावला, ना कुणाशी लढला.
मग कोपरं पांढरी पडेपर्यंत का झिजली?
आणि गुडघे?
आणि पाठीवरचा हा गुळगुळीत पट्टा,
जो दोन्ही रूपांत आत दडलेला असतो?

परत घडी घालायला घेतली
आणि सातव्या पायरीवर थांबले.
पाय अर्धे आत, हात पुढे टेकलेले, डोकं अजून बाहेर,
मागचं झाकण शेपटीसारखं वर.
मखमलीवर ठेवला. चारी टेकले,
बरोबर झिजलेल्या जागांवर.

ग्लिनची नजर घड्याळावरून निघाली.
"कौन्सिलचा फ्लॅट," तो म्हणाला. "अकरावा मजला.
प्राणी पाळायचे नाहीत, असं करारातच होतं."
जरा वेळाने, "बिस्किट म्हणायचो."
आणि पन्नाशीला टेकलेला तो माणूस
कानापर्यंत लाल झाला.

माझ्या फॉर्मवर रकाने दोनच: वाहन, यंत्रमानव.
सांधे सैल, वजा. मूठ नाही, वजा.
खोकं नाही, सूचनांचा कागद नाही, वजा, वजा.
पाठीवर झीज: कारण लिहा.
मी 'हाताळणी' लिहिलं.
खोटं नाही ते.

काका भाव तोंडाने कधी बोलत नसत.
रुमालाखाली समोरच्याची बोटं धरायची, दाबायची,
बाजाराला पत्ता लागू द्यायचा नाही.
तसा एखादा रुमाल आत्ता हवा होता.
मी उघड्यावरच म्हणाले, "अडतीस पौंड."
"चाळीस?"
"अडतीस."

नोटा न मोजता त्याने खिशात कोंबल्या.
दारात पोचल्यावर वळला:
"मान फार मागे नेऊ नका. निखळते."

शनिवारी टेलफर्डहून एक गिऱ्हाईक आलं.
तोवर तो शेल्फवर तसाच होता,
सातव्या पायरीवर, दाराकडे तोंड करून.
"हे काय, अडकलंय का?
गाडी होते ना नीट?"
"होते," म्हटलं,
आणि उरलेल्या सात पायऱ्या त्याच्यासमोर केल्या.
मान हळू नेली.