साखर उपलब्ध नाही

माशेलच्या तिठ्यावर आमचा पसरा.
एक तागडी, एक गल्ला, एक मांजर.
मांजराला नाव नाही, पगार आहे.

पुतणी प्रज्योता म्हणाली, काका,
प्रत्येक जिनसाचा फोटो हवा,
पांढऱ्या कागदावर, उजेडात.
तिरफळं ठेवली तर गडगडत मोरीपर्यंत गेली.
सुकी सुंगटं छान निघाली, पण वास कुठे निघाला?
वासाशिवाय सुंगट म्हणजे
नुसता गुलाबी स्वल्पविराम.

हरमलच्या मिरचीपुढे रिकामी चौकट: वर्णन.
मी म्हटलं, लिही,
आमटीला लाल करते, माणसाला नाही.

मग एकक.
किलो होता, ग्रॅम होता, नग होता.
मूठभर नव्हतं.
"वीस रुपयांचं दे, आणि थोडं वर घाल"
हे तर कुठेच नव्हतं.

मग शिल्लक किती.
अडतीस वर्षं मी मोजलेलं नाही.
पोत्याला पाठ टेकली की कळतं
आत किती उरलंय.
प्रज्योता म्हणाली, पाठ टाइप करता येत नाही.
दोन रात्री मोजत बसलो.
मागच्या फळीवर, मेणबत्त्यांच्या खोक्यामागे,
वडिलांच्या चष्म्याची एक काडी सापडली.
नग: एक.
ती आम्ही भरली नाही.

सहा दिवस काही नाही.
सातव्या दिवशी, मी पाव चहात बुडवलेला असताना,
फोन पालीसारखा चुकचुकला.

स्विंडनहून. जॉयल फर्नांडिस.
पोचवायचं जुव्याला, पुलापलीकडे,
कापेलाच्या मागचं घर, निळा जिना.
उकडे तांदूळ पाच किलो.
सोलं पाव. व्हिनेगर. चहापूड. दोन साबण.
साखर दोन किलो.
खाली सूचना: मायला चहात तीन चमचे लागतात,
कमी पडू देऊ नका.

आल्सिनाबाय गेल्या शिगम्यापासून
बिनसाखरेचा चहा पिते.
याच फळीला टेकून मला म्हणाली होती,
मी मापटं उचललं तेव्हा, हळू आवाजात:
"आता नको. दोतोर ओरडतो.
पोराला सांगू नकोस हं, नोकरी टाकून येईल."
उधारीच्या वहीत तिच्या पानावर
मी साखरेपुढे बारीक फुली मारली.
ती फुली फक्त मला वाचता येते.

पडद्यावर तीन बटणं.
पाठवा. बदला. उपलब्ध नाही.
माझ्या मागे पन्नास किलोचं पोतं,
शिवण अजून उसवलेली नाही.
मी तिसरं दाबलं.

गुणो स्कूटर घेऊन पुलावर पोचला नसेल,
तोच मुळगावकरांची सून धापा टाकत हजर.
"बाब, साखर संपली? फोनवर दिसतंय!
उद्या सत्यनारायण आहे आमच्याकडे!"
मी गुपचूप पोतं पुढे ओढलं.
"मग फोन खोटं बोलतो होय?"
"फोन नाही गो. मी."
तिने सव्वा किलो घेतली
आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी भेसळ करतो.

संध्याकाळी प्रज्योताने डोक्याला हात लावला.
अख्ख्या दुकानाची साखर मी बंद केली होती.
एकाच गिऱ्हाइकापुरतं खोटं बोलायचं बटण
म्हणे वेगळं असतं.

गुणो परतला. रिकाम्या पिशवीत
सात शिरांची भेंडी, जुव्याची, कोवळी.
"बाय म्हणाली, दुकानदाराला सांग,
साखर संपली ते बरं झालं.
मग हसली. मग दार लावलं."

रात्री स्विंडनहून पुन्हा चुकचुक:
साखरेचे पैसे परत मिळाले.
दुसऱ्या दुकानातून मागवू का?

एका बोटाने लिहायला मला वेळ लागतो.
माशेलात टंचाई आहे, लिहिलं.
मग वाटलं, म्हापशातून मागवेल.
सगळीकडेच आहे, लिहिलं.
मग ते पुसलं आणि लिहिलं:
मायला फोन कर. साखरेचं नको विचारू.
नुसता कर.

फळ्या लावल्या.
मांजर पोत्यावर चढून बसलं होतं.
त्याला उठवलं नाही,
बाजूला पाठ टेकली.
अठ्ठेचाळीस आणि थोडं वर.