पाऊण टाकी

चार वर्षं झाली, काटा पाऊणवर उभा आहे.
टाकी भरली तरी पाऊण, उतरली तरी पाऊण.
ओपुवोचा मेकॅनिक गॉटलीब म्हणाला होता,
आत एक तरंगणारा गोळा असतो, त्याची दांडी अडकलीय,
टाकी खाली उतरवावी लागेल, भाग विंडहुकहून येईल,
दोन दिवस गाडी इथेच ठेव.
दोन दिवस!
मागच्या सीटवर बर्फाच्या पेटीत लशी,
पुढे दीडशे किलोमीटरवर चारशे गुरं
आणि त्यांचे मालक, माझ्याआधी उठलेले.
म्हटलं, पुढच्या महिन्यात.

तो पुढचा महिना अजून यायचाय.

तोवर मी हिशोबावर चालवली.
डिझेल भरलं की किलोमीटरचा आकडा शून्यावर,
लिटरमागे आठ, नदीच्या कोरड्या वाळूत पाच,
सहाशे झाले की पंप, मग काटा काहीही म्हणो.
शिवाय कान होते.
भरलेली टाकी खड्ड्यातसुद्धा गप्प बसते,
अर्धी झाली की बडबडायला लागते.
उथळ पाण्याला खळखळाट फार,
आणि डिझेलही शेवटी त्याच वळणाचं.

नवीन कुणी शेजारी बसलं
की काट्याकडे बघून निवांत पाय पसरायचं.
मी काही सांगत नसे.
खोटी का होईना, एका जिवाला स्वस्थता.

मग तो गुरुवार.
सेसफाँटेनच्या अलीकडे, मोपानीची झाडं विरळ होतात तिथे,
काटा हलला.
दमलेला माणूस भिंतीला टेकत टेकत खाली बसतो
तसा शून्यावर बसला.
नारिंगी दिवाही लागला,
जो या गाडीत आहे हेच मी विसरले होते.
आकडा पाहिला: दोनशे बारा.
म्हणजे साठ लिटर तरी असणारच.
"बरं, आज हे नवीन," मी त्याला म्हटलं
आणि गाणं मोठं केलं.

गाणं मोठं होतं,
त्यामुळे टाकी बडबडत नाहीये हे कळलं नाही.
कळलं असतं तरी,
गप्प टाकीचे अर्थ दोन असतात
हे तेव्हा कुठे सुचणार होतं.

अकरा किलोमीटर. मग इंजिन खोकलं,
परत खोकलं, आणि उतारावर गाडी
नुसत्या वजनाने थोडी पुढे गेली.
खडीवर चाकांचा आवाज. मग तोही नाही.

शेळ्या आल्या. त्यांच्यामागे एक पोरगा, नऊ-दहा वर्षांचा,
नाव म्हणाला मुहापिक्वा.
त्याने गाडीभोवती एक फेरी मारली,
गुडघ्यावर बसून टाकीवर बोटाचं पेर वाजवलं,
आई आंबट दुधाचा भोपळा वाजवून बघते तसं.
"रिकामी," म्हणाला, आणि शेळ्यांमागे गेला.
पशुवैद्यक खात्यात सतरा वर्षं झालीत मला.
मीही वाकून वाजवून पाहिलं.
भोपळाच.

बर्फ चार तास टिकतो. ट्रक सहा तासांनी आला.
त्याने दहा लिटर दिलं, पैसे घेतले नाहीत,
आणि ते टाकीत पडताच काटा ताडकन उठून
पाऊणवर. जसं काही झालंच नव्हतं.

घरी पोचले तर भाऊ दारातच, उआउंजा.
"अगं, बोअरच्या पंपाचं डिझेल संपलेलं,
गुरं दोन दिवस हंबरत होती,
काल रात्री तुझ्यातलं थोडं काढलं. सांगणारच होतो."
थोडं म्हणजे?
त्याने दोन्ही हात पसरले,
मग माझ्याकडे बघून थोडे जवळ आणले.
त्याच्यामागे हौदाला तोंडं लावून गुरं उभी,
आईची, म्हणजे माझीही.
चारशे गुरांच्या लशी पेटीत कोमट झालेल्या.
कुणावर ओरडणार?

आता निघताना आधी भावाला विचारते,
मग वाकून पेर वाजवते,
मग किल्ली फिरवते आणि काट्याकडे बघते.
पाऊण, म्हणतो तो.
चार वर्षांत एकदाच खरं बोलला,
आणि मी हसले होते.
म्हणून हल्ली त्याचं पूर्ण ऐकून घेते,
मान डोलावते, आकडा शून्यावर करते,
आणि मग गाणं लावते,
पण हळू.