ठिपका

मी पायसांदूच्या बस स्थानकावर तिकिटं विकते
आणि माझा भाऊ एक ठिपका आहे.
फोनवर दोन नावं, एकाखाली एक.
सर्व्हिस ज्याची, त्याच्या नावापुढे पिवळा ठिपका.
तो उमटला की एल्बिओ चेंडू आपटतो, चार वेळा,
आणि पाचव्याला थांबून बाही वर सरकवतो.
हे दिसत नाही. मला माहीत आहे.

जानेवारीत तो मोनास्तीरला होता.
६–३, ६–४. मग ६–७, २–६.
दुसऱ्या फेरीचे पैसे हॉटेलच्या तीन रात्रींनी खाल्ले.
फेब्रुवारीत कुठंतरी पाऊस लागला
आणि स्कोअर गोठला : ४–४, ३०–१५.
दोन दिवस माझा भाऊ तीस-पंधरा होता.
मी सॉल्तोची तिकिटं विकली, मर्सेदेसची विकली,
घरी जाऊन भांडी घासली, झोपले, उठले,
तो आपला तीस-पंधरा.

बाबा फोनकडे बघत नाहीत.
क्लबातल्या चार कोर्टांवर ते झाडू ओढतात, पाणी मारतात,
चुन्याच्या रेषा नीट करतात,
आणि संध्याकाळी एवढंच विचारतात, किती वेळ चालला?
एक तास म्हटलं की गप्प जेवतात.
तीन तास म्हटलं की, "मग लढला पोरगा,"
आणि निकाल विचारायचा राहूनच जातो.

एप्रिलमध्ये एन्कार्नासिऑनला उपान्त्य फेरी.
आईनं शेजारीपाजारी केक वाटला.
जूनमध्ये ०–६, १–६, एक्कावन्न मिनिटं.
"माती खाल्ली," कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला.
खरंय. आमच्या घरात सगळेच खातात.
बाबांच्या खिशांतून ती लाल माती
मातेच्या पेल्यात उतरते, चादरीवर उतरते,
वॉशिंग मशीन दरवर्षी तिच्यामुळेच बंद पडतं.

ऑगस्टमध्ये त्याच्या नावापुढे दोनच अक्षरं आली.
आईनं चष्मा पुसून विचारलं, "हा 'रि.' कोण गं?"
रिटायर्ड, आई. म्हणजे सामना सोडला.
"सोडला? कोणाला सांगून?"
दोन दिवस त्याचा फोन नाही.
तिसऱ्या दिवशी आला : मनगट आहे, बरं होईल,
थोडे पैसे पाठवशील का.

चाळीस-चाळीसला आमच्याकडे 'इग्वालेस' म्हणतात,
म्हणजे सारखे, बरोबरीचे.
ऑक्टोबरात एका पात्रता फेरीत, तिसऱ्या सेटमध्ये,
तो नऊ वेळा कुणाच्या तरी बरोबरीचा झाला.
खिडकीपुढे एक म्हातारा, ताकुआरेम्बोला जायचं होतं त्याला.
मी म्हटलं, एक मिनिट.
तो म्हणाला, कोण खेळतंय? मी म्हटलं, भाऊ.
मग तोही काचेला नाक लावून बघत राहिला
ठिपका वर, ठिपका खाली, ठिपका वर.
एल्बिओ हरला.
बस तर केव्हाच गेली होती.
मी पैसे परत दिले, त्यानं टोपी हातात घेतली,
जणू कुणाच्या घरी काही घडलंय.

कुणी सांगत नाही, पण तिथं जिंकलेलं राहत नाही.
बावन्न आठवडे झाले की गुण गळतात,
त्याच आठवड्यात, कोणी न हरवता.
जागच्या जागी उभं राहायचं तर
गेल्या वर्षीच्या स्वतःला पुन्हा एकदा गाठावं लागतं.

डिसेंबरात तो आला, एका बॅगेत सात रॅकेट,
दोन तुटलेल्या, मनगटाला पट्टी.
दोन दिवस झोपला. तिसऱ्या दिवशी
जेवताना यादी उघडली मीच.
गेल्या डिसेंबरात सहाशे अकरा.
या डिसेंबरात सहाशे आठ.
"तीन?" आई म्हणाली. "तीन काय?"
तीन माणसं, आई. तीन माणसं मागे टाकली.
ती त्यांची नावं विचारत बसली,
त्यांच्या आयांचं तिला वाईट वाटत होतं.

बाबांनी ताटातली भाकर मोडली.
किती वेळ लागला?
"वर्ष," एल्बिओ म्हणाला.
बाबांनी मान हलवली,
उठले, आणि उन्हं उतरायच्या आत
कोर्टावर पाणी मारायला दोघं गेले.