बांधायचं की बदलायचं

सुआमेत सकाळी सातलाच लोखंड बोलायला लागतं.
फिटर बेदियाकोने बॉनेट उचललं,
इंजिनला स्क्रूड्रायव्हर टेकवून
त्याची मूठ कानाशी धरली, बराच वेळ,
मी आईच्या पोटाला नळी लावून ऐकते तशी.
मग म्हणाला, ‘‘सिस्टर, ही पाणी पिते, ऑइलही पिते.
बांधायचं की बदलायचं, तेवढं सांगा.’’

पेजो पाचशेचार. त्र्याऐंशीची. वडिलांची.
हिच्यातून तेचीमानच्या बाजारातले याम आले,
ओबुआसीच्या खाणीवरून उतरलेली माणसं आली
बसल्याजागी झोपलेली,
आणि एकदा एक शवपेटी, मागचं दार दोरीने आवळून.
त्या दिवशी बाबांनी तिसऱ्या गिअरच्या वर टाकलाच नाही.
भाडं घेतलं नाही.
नंतर आठवडाभर आईने ते ऐकवलं.

बदलायचं तर पलीकडेच सोय.
टेमा बंदरातून आलेला कंटेनर, त्यात टोयोटाची इंजिनं
एकावर एक रचलेली,
वायरी मधूनच तोडलेल्या.
तीस वर्षं नाळा कापल्यात मी,
इतक्या वाईट कुणी कापत नाही.
दुकानदाराने एक उचलून टायरवर ठेवलं,
बॅटरी जोडली, बाटलीतून पेट्रोल दिलं.
लागलं की हो पहिल्या फटक्यात!
छान चाललं. शिवणयंत्रासारखं.
मला तेच आवडलं नाही.

बेदियाकोचा हिशोब खडूने, जमिनीवर:
बांधायला नऊ हजार सेडी, तीन आठवडे, वर लाइनर मिळाले तर.
बदलायला सात, चार दिवस,
पण माउंटिंग कापावं लागेल, शाफ्ट आखूड करावा लागेल,
‘‘आणि आवाज वेगळा येईल. तुम्ही आवाजवाल्या दिसता.’’
होतेच मी आवाजवाली.
वळणापलीकडे असतानाच ओळखायचे,
आई सूपाखालचा विस्तव पुढे ओढायची.
म्हटलं, बांधा. बाबांचं इंजिन आहे.

दुसऱ्या दिवशी हरमॅटनची धूळ, समोरचा माणूस दिसेना.
शिकाऊ अत्ता ब्लॉकवर रॉकेल ओतून
तारेच्या ब्रशने घासत बसला होता.
घासता घासता नंबर मोठ्याने वाचला.
मी गाडीचं पुस्तक उघडलं.
पुन्हा वाच, म्हटलं.
त्याने पुन्हा वाचला, बोटाने चाचपत.
पहिले दोन आकडे जुळले. पुढचा एकही नाही.

बेदियाकोने हात पुसले, खूपच वेळ पुसले.
‘‘पेजोचंच आहे. पण या गाडीचं नव्हे.
कुणीतरी बदललंय, फार वर्षांपूर्वी. काम सुरेख आहे,
कळू नये असंच केलंय.’’

केप कोस्टच्या होस्टेलात असताना
एका टर्मची फी पंधरा दिवस उशिरा आली होती.
सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ: गाडी ठीक आहे.
मी तर गाडीचं काही विचारलंच नव्हतं.

म्हणजे तो आवाज,
ज्यावर आमच्या घरात विस्तव पुढे सरकायचा,
तो दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा.
मला हसू फुटलं. अत्ता घाबरून उभा राहिला.

आता बदलायला हरकत नव्हती. पलीकडचा दुकानदार
तेवढ्यासाठीच दारात उभा होता.
पण क्रँक लेथवर चढला होता,
बेदियाको मायक्रोमीटर फिरवत होता, ओठ हलवत.
‘‘दोनदा घासलाय हा,’’ म्हणाला.
‘‘अजून एक साइज निघेल. शेवटची.
त्यानंतर भंगार.’’

किती चालेल?
‘‘कोण चालवणार त्यावर.’’

मी एकसष्टची. गुडघा एक बदललेला,
दुसऱ्यावर अजून चालते.
खडूच्या आकड्यांवर पाय पडून ते पुसले गेले होते.
घासा, म्हटलं.
बाबांचा यात काही संबंध नाही, हेही सांगितलं,
कुणी विचारलं नव्हतं तरी.

अत्ता पावतीपुस्तक घेऊन आला.
‘‘इंजिन नंबर कुठला लिहू?
पुस्तकातला की ब्लॉकवरचा?’’

तू वाचलास तो, म्हटलं.